बोल्टनला इंजिन बनवता येत नव्हते : तंत्रउद्योग आणि आपला बिगर-तांत्रिक शिक्षित वर्ग

आपल्या एखाद्या तरुणाने सॉफ्टवेअरचा किंवा यंत्राचा उद्योग काढतो म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तू इंजिनिअर आहेस का?" तो बी.ए., बी.कॉम., एलएल.बी. असेल, मुलगी नर्स किंवा शिक्षिका असेल, कुणी बँकेत नोकरीला असेल, तर विषय तिथेच संपतो. हा प्रश्न विचारणारा सवर्णच असतो असे नाही. बहुतेक वेळा आपलाच मामा, आपलाच मोठा भाऊ, साहेब झालेला आपलाच नातलग हे विचारतो आणि प्रश्नातच उत्तर देऊन मोकळा होतो. तंत्रज्ञानाचा उद्योग म्हणजे तंत्रज्ञाचाच उद्योग, हे गृहीतक आपण इतके पचवले आहे की ते तपासून पाहावे असेही आपल्याला वाटत नाही.

या गृहीतकाला इतिहासाचा आधार नाही, एवढे दाखवून आम्ही थांबणार नाही. आमचे म्हणणे त्याहून पुढचे आहे. तंत्रउद्योगात आपला समाज मागे राहिला तो हातात तंत्र नव्हते म्हणून नव्हे. कातडे कमावणे, दोर वळणे, धातू ओतणे, कापड विणणे ही तंत्रे या देशात शतकानुशतके शूद्र-अतिशूद्रांच्याच हातात होती. हातात नव्हते ते हिशेब, करार, बाजार, कोर्ट आणि कर्ज. आज आपल्यातल्या वकिलाकडे, बँक अधिकाऱ्याकडे, विमा प्रतिनिधीकडे, शिक्षिकेकडे नेमके तेच आले आहे. आणि त्यालाच आपण "तुझे हे काम नाही" म्हणून परत पाठवतो.

आधी इंग्लंडात जाऊ. आधुनिक तंत्रउद्योगाची सुरुवात जिथे झाली असे पाठ्यपुस्तकात शिकवतात, ती वाफेच्या इंजिनाची गोष्ट नीट वाचण्यासारखी आहे. शाळेत आपल्याला जेम्स वॉट शिकवतात. किटलीचे झाकण उडते, मुलगा विचार करतो, इंजिन तयार होते. ही कथा खोटी आहेच, पण तिचा मोठा दोष असा की तिच्यात मॅथ्यू बोल्टन नाही.

वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. १७६३-६४ च्या सुमारास त्याच्याकडे न्यूकॉमेनच्या जुन्या इंजिनाचे एक नमुना-यंत्र दुरुस्तीला आले. हे इंजिन कोळसा फार खाते, कारण प्रत्येक फेरीला सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, हे त्याच्या लक्षात आले. १७६५ मध्ये त्याला उपाय सुचला : वाफ थंड करायला वेगळे भांडे जोडायचे. १७६९ मध्ये पेटंट मिळाले. म्हणजे तंत्र तयार झाले. मग इंजिन बाजारात कधी आले? १७७६ मध्ये. कल्पना सुचल्यापासून अकरा वर्षांनी आणि पेटंटनंतर सात वर्षांनी. मधल्या काळात वॉट पोटासाठी कालव्यांची मोजणी करत होता. त्याचा पहिला भागीदार जॉन रोबक याच्याकडे पेटंटचा दोनतृतीयांश हिस्सा होता, पण १७७३ मध्ये रोबकचे दिवाळे निघाले. बोल्टनचे रोबककडे सुमारे १,२०० पौंड येणे होते. ते सोडून देऊन बोल्टनने पेटंटमधला हिस्सा घेतला. रोबकच्या इतर सावकारांना त्या हिश्श्याची किंमत शून्य वाटत होती.

हा बोल्टन कोण? बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे बटणे, बकले आणि शोभेच्या धातूवस्तू बनवणारा कारखानदार. शाळा लवकर सुटलेली, वडिलांच्या धंद्यात वाढलेला. धातूकामाची त्याला चांगली जाण होती, पण इंजिनाचा शोध लावणे किंवा त्याची रचना करणे हे त्याचे काम नव्हते. त्याने काय केले ते पाहा. पेटंटची मुदत संपत चालली होती, म्हणून १७७५ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदा करवून ती १८०० पर्यंत वाढवून घेतली. वॉटला हवा तसा अचूक सिलिंडर कुणालाच बनवता येत नव्हता. जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्यासाठी नवे यंत्र काढले होते, ते काम त्याच्याकडून करून घेतले. आणि तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे इंजिन विकायचे कसे, हा प्रश्न या भागीदारीने कसा सोडवला.

कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांना नवे महागडे यंत्र घ्यायला सांगणे सोपे नव्हते. बोल्टन आणि वॉटने त्यांना वेगळाच सौदा दिला. इंजिनाचे भाग ज्याचे त्याने विकत घ्यावेत. आम्ही नकाशे देऊ, काही नेमके सुटे भाग देऊ, उभारणीला माणूस देऊ. जुन्या इंजिनाच्या तुलनेत तुमचा जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एकतृतीयांश आम्हाला द्या. बचत मोजायची कशी? इंजिनाच्या फेऱ्या मोजणारे कुलूपबंद मोजयंत्र त्यांनी बसवले. आज सॉफ्टवेअर कंपन्या जिला "वापराप्रमाणे पैसे" म्हणतात आणि फार नवी कल्पना असल्यासारखे मिरवतात, ती अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. पूर्ण इंजिन स्वतः ओतण्याचा कारखाना, सोहो फाउंड्री, त्यांनी १७९६ मध्ये सुरू केला. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे ही कंपनी पूर्ण इंजिन न बनवताच इंजिनांचा धंदा करत होती.

खाणींची बाजारपेठ मर्यादित आहे, पुढची मागणी गिरण्यांतून येणार आणि त्यासाठी इंजिनाने चाक फिरवले पाहिजे, हेही आधी ओळखले बोल्टनने. वॉट नाखूश होता. बोल्टनने त्याच्यामागे लकडा लावला आणि १७८१ मध्ये चाक फिरवण्याच्या रचनेचे पेटंट झाले. औद्योगिक क्रांती ज्याला म्हणतात ती या चाकावर चालली. सौदे आणि हिशेब यांचा वॉटला तिटकारा होता. त्याच्या हाती एकट्याच्या हा सगळा कारभार राहिला असता तर आज त्याचे नाव बहुधा एखाद्या विद्यापीठाच्या दप्तरात शोधावे लागले असते.

यात बोल्टनला संत करण्याचे कारण नाही. त्याच्या भांडवलात त्याच्या बायकोकडून आलेल्या वारशाचा मोठा वाटा होता. मित्रमंडळात शास्त्रज्ञ, कारखानदार, सरदार होते. पार्लमेंटपर्यंत त्याचा हात पोचत होता. पुढे याच कंपनीची इंजिने कॅरिबियन बेटांवरच्या, गुलामांच्या घामावर चालणाऱ्या साखरेच्या मळ्यांतही गेली. तंत्रज्ञान आपोआप मुक्ती आणते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आमचा मुद्दा एवढाच की, तंत्र येणारा आणि तंत्राचा बाजार उभा करणारा अशी दोन माणसे तिथे एका टेबलाशी बसू शकली. दोघांत करार झाला, तो पंचवीस वर्षे टिकला आणि पुढे त्यांच्या मुलांनी चालवला.

आता आपल्या देशाकडे या. इथे या दोन माणसांना एका टेबलाशी बसण्याचीच मनाई होती.

जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे, हा बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये मांडलेला मुद्दा आपण भाषणांत अनेकदा वापरतो. तंत्रउद्योगाच्या संदर्भात तो लावून पाहिला तर त्याची धार कळते. ज्याला कातडे कमावण्यातले रसायन कळत होते त्याला वही धरायची बंदी. ज्याच्या हातात वही होती त्याला कातड्याचा विटाळ. ज्याच्याकडे पैसा होता तो दोघांनाही व्याजाने बांधून ठेवणार. बोल्टन आणि वॉट या देशात जन्माला आलेच नाहीत असे नाही. ते जन्माला आले असतील तर वेगवेगळ्या आळ्यांत, आणि एकाच्या आळीत दुसऱ्याला पाय ठेवता येत नव्हता.

आग्र्याचे उदाहरण घ्या. तिथल्या जाटव समाजाने विसाव्या शतकात चपला-बुटांचा फार मोठा धंदा उभा केला. कौशल्य त्यांचे, घराघरांतले छोटे कारखाने त्यांचे. आग्रा हे उत्तरेतल्या आंबेडकरी चळवळीचे ठाणे झाले त्यामागे या कारागिरांची कमाई आणि संघटना होती. पण माल विकायचा तो हिंग की मंडीत, आणि तिथले घाऊक व्यापारी दुसरे. व्यापारी रोख पैसे देत नसत, पर्ची देत. पर्ची म्हणजे दोन-तीन महिन्यांनी पैसे मिळतील अशी चिठ्ठी. कारागिराला आठवड्याला पगार वाटायचा, उद्याचे कातडे आणायचे, तो दोन महिने थांबणार कसा? मग तीच पर्ची तो काही टक्के तोटा सोसून दुसऱ्या कुणाला तरी देऊन रोकड घेई. म्हणजे बूट बनवणाऱ्यानेच बूट विकणाऱ्याला बिनव्याजी भांडवल पुरवायचे आणि वर स्वतःच बट्टा भरायचा! अभ्यासकांनी ही पद्धत तपशिलाने नोंदवली आहे. या कारागिरांना तंत्र शिकवायला कोण जाणार होते? त्यांना हवा होता तो आपला माणूस, जो दूरच्या ग्राहकाशी थेट बोलेल, पर्चीऐवजी करार मागेल, बँकेत जाऊन बिलावर कर्ज मिळवेल. थोडक्यात, बोल्टन हवा होता.

महाराष्ट्रातही पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे ती वाट बंद झाली, तेव्हा यांत्रिक रेखाटनाकडे वळले, ते शिकवू लागले, मग बेळगावात सायकलींचे दुकान, पुढे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी सुरुवातीला नांगर घेत नव्हते. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी जमीन दिली, मदत दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणूस जिद्दीचा होता आणि आपल्या वाडीत अस्पृश्यता पाळू द्यायची नाही असा त्यांचा आग्रह होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच काळात एखाद्या महार किंवा मांग तरुणाला अशीच कल्पना सुचली असती, तर त्याच्यासाठी कोणत्या राजाचा दरवाजा उघडला असता? सयाजीराव आणि शाहू महाराज हे अपवाद होते, म्हणून तर आपण त्यांची नावे आजही घेतो.

आणि हा प्रश्न कल्पनेतला नाही. खुद्द बाबासाहेबांनी उद्योग करून पाहिला होता. १९१७ मध्ये लंडनहून परतल्यावर बडोद्याला जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर मुंबईत पोटापाण्यासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबाची कामे केली आणि शेअर बाजारात गुंतवणूक करणाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास करून आलेल्या माणसापेक्षा या कामाला अधिक लायक त्या मुंबईत कितीजण असतील? गिऱ्हाइके येऊ लागली. मग सल्लागार अस्पृश्य आहे असे कळले आणि गिऱ्हाइके बंद झाली. पेढी बंद करावी लागली. ज्ञान होते, भांडवलही त्या कामाला फार लागत नव्हते. अडले ते गिऱ्हाईक. हा प्रसंग आपण बाबासाहेबांच्या हालअपेष्टांच्या यादीत टाकून पुढे जातो. आम्हाला वाटते तो आपल्या उद्योजकतेच्या इतिहासातला पहिला धडा म्हणून शिकवला पाहिजे.

त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली गेली. याच सिडनहॅममधून पुढे कित्येक दशकांनी फाल्गुनी नायर बी.कॉम. झाल्या. अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकल्या, कोटक महिंद्रात गुंतवणूक बँकिंगचे मोठे पद सांभाळले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१२ मध्ये, नायका ही ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली. २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली. त्या इंजिनिअर नाहीत. नौकरी डॉट कॉम १९९७ मध्ये काढणारे संजीव बिखचंदानी हेही अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन शिकलेले. चीनमध्ये १९९९ ला अलीबाबा उभी करणारे जॅक मा इंग्रजीचे शिक्षक होते. या लोकांच्या कर्तृत्वाला आम्ही नावे ठेवत नाही. पण यांना कुणी "तुम्ही इंजिनिअर आहात का?" असे विचारून घरी बसवले नाही. गुंतवणूकदार ओळखीचे, पहिले कर्मचारी ओळखीचे, वकील-सीए ओळखीचे. ज्याच्याकडे ओळख आहे त्याला तंत्रज्ञ नोकरीवर ठेवता येतो. ज्याच्याकडे ओळख नाही त्यालाच "आधी तंत्र शिकून ये" असे सांगितले जाते. मग तो तंत्र शिकतो आणि पहिल्याच्या कंपनीत नोकरीला लागतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो आपल्याच अभ्यासू मित्रांकडून येईल. बाबासाहेबांनीच १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात म्हटले होते ना, की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्राचे उच्च शिक्षण हवे? होय, म्हटले होते. हे शिक्षण आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे आहे म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, परदेशी पाठवावे, सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्यावे, अशा मागण्या त्यात आहेत. आपल्या समाजात इंजिनिअर, रसायनतज्ज्ञ, प्रोग्रॅमर झालेच पाहिजेत. त्याबद्दल वादच नाही. पण हे निवेदन लिहिणारा माणूस स्वतः कोण होता? अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर. आणि त्याच वर्षी, जुलै १९४२ मध्ये, तो माणूस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाला होता. त्या खात्याकडे फक्त कामगार नव्हते, वीज, पाटबंधारे आणि खाणीही होत्या.

म्हणून १९४२ ते १९४६ या चार वर्षांकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. तंत्रज्ञ नसलेला माणूस तंत्राच्या कामाचे नेतृत्व कसे करतो, याचा आपल्याकडे याहून मोठा नमुना नाही. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला, रेल्वे आणि रस्ते तुटले. पूर आला की बांध बांधायचे, ही तोवरची रीत. बाबासाहेबांनी प्रश्नच बदलला. नदीचे पाणी ही आपत्ती समजून अडवायचे की संपत्ती समजून साठवायचे? साठवायचे असेल तर त्याच धरणातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक सगळे का नको? अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा प्रयोग त्यांच्यासमोर होता. त्या प्रकल्पातले अभियंता व्हूर्डुइन यांच्याकडून दामोदरचा प्राथमिक आराखडा तयार झाला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि केंद्र सरकारची बैठक त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. १९४४ मध्ये विजेसाठी केंद्रीय तांत्रिक मंडळ, १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयनासाठी केंद्रीय आयोग उभा राहिला. त्याच्या अध्यक्षपदी ए. एन. खोसला हे भारतीय अभियंते आले. १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ झाले तेव्हा बाबासाहेब त्या खात्यात नव्हते, पण पाया त्यांच्या काळातला होता.

यात त्यांनी काय केले नाही ते पाहा. त्यांनी धरणाची भिंत किती जाड असावी हे ठरवले नाही. ते काम अभियंत्यांचे. पण अभियंत्याचे बोलणे तपासता येईल इतका अभ्यास मात्र त्यांनी केला. वीज कशासाठी, तर उद्योगीकरणासाठी. उद्योगीकरण कशासाठी, तर तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर अडकलेल्या माणसाला दारिद्र्यातून बाहेर काढण्यासाठी. हा धागा त्यांच्या १९१८ च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधापासून सलग दिसतो. प्रश्न कोणाचा आहे हे ठरवणे, कामाला योग्य तज्ज्ञ निवडणे, दोन प्रांतांना एका करारात बांधणे, पैशाचा भार कुणी किती उचलायचा ते लिहून घेणे. हे सगळे बिगर-तांत्रिक काम आहे आणि ते झाले नसते तर तंत्र कागदावर राहिले असते.

अलीकडचे उदाहरण कल्पना सरोज यांचे. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यात जन्म, लहानपणी लग्न, मुंबईत होजिअरीत शिवणकाम, मग अनुसूचित जातींसाठीच्या सरकारी कर्जयोजनेतून छोटासा धंदा. कमानी ट्यूब्ज ही तांब्याच्या नळ्या बनवणारी कंपनी मालकांच्या भांडणात आणि नंतर कामगारांच्या ताब्यात असताना कर्जात बुडाली होती. शंभर कोटींहून अधिक देणे, शंभराहून अधिक खटले असे त्या कंपनीचे वर्णन तेव्हा केले जाई. कामगारच त्यांच्याकडे आले. २००६ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली. नळी कशी ओढतात हे त्यांना येत नव्हते. ते कामगारांना येत होतेच, तरी कारखाना बुडाला होता. त्यांनी वेगवेगळ्या विषयांतल्या जाणकारांचा चमू बसवला आणि बँकांशी बोलून दंड-व्याज कमी करून घेतले. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तंत्र शाबूत असलेला कारखाना हिशेब, करार आणि कोर्ट यांत बुडतो आणि त्यांतूनच वर येतो, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

उद्योगाचे नाव काढले की चळवळीतले काहीजण लगेच 'राज्य आणि अल्पसंख्याक' दाखवतात. मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये त्यात मांडले, हे खरेच आहे आणि ती मागणी आम्ही सोडलेली नाही. उद्योजकता हा आरक्षणाला पर्याय आहे असे सांगणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. पण सरकारी भरती ठेकेदाराकडे चालली आहे आणि तो ठेकेदार कोण आहे हे प्रत्येक जिल्ह्यात दिसते. त्याचे सॉफ्टवेअर, त्याची हजेरीची यंत्रे, त्याची ऑनलाइन परीक्षा. आपला मुलगा त्या परीक्षेला बसण्यासाठी फी भरतो.

मग आपल्या बिगर-तांत्रिक माणसाला मदत करायची म्हणजे काय करायचे? कोडिंगचे तीन महिन्यांचे वर्ग लावणे हे उत्तर आम्हाला अपुरे वाटते. नर्सला प्रोग्रॅमर करण्यापेक्षा तिने वॉर्डात वीस वर्षे पाहिलेला गोंधळ नेमका कागदावर मांडायला शिकवा. औषधांची नोंद कुठे चुकते, रुग्ण परत का येत नाही, कोणते रजिस्टर तीनदा लिहावे लागते. हे ज्ञान बंगळुरूच्या कोणत्याही कंपनीकडे नाही. यंत्र किंवा ॲप बनवण्याआधी ते वही-पेनावर आणि फोनवर चालवून पाहता येते. दहा दवाखाने पैसे द्यायला तयार झाले तर बनवायचे, नाही तर फक्त वही वाया गेली. आता तर प्रोग्रॅम लिहिण्याचे काम दिवसेंदिवस स्वस्त होत आहे. प्रश्नाची जाण आणि गिऱ्हाइकाचा विश्वास या गोष्टी स्वस्त झालेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट कराराची, आणि इथे आपले लोक सर्वाधिक फसतात. बाहेरच्या प्रोग्रॅमरला किंवा एजन्सीला पैसे देऊन सॉफ्टवेअर बनवून घेतले म्हणजे ते आपले झाले, असे बहुतेकांना वाटते. प्रताधिकार कायदा, १९५७ तसे म्हणत नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम सहसा मालकाचा. पण स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला हक्क त्याचाच राहतो, जोवर तो लेखी करारात तुमच्या नावे करून देत नाही. त्या करारातही मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणजे सगळी जमापुंजी घालून ॲप बनवून घ्यायचे आणि ते दुसऱ्याचेच राहायचे. भागीदार प्रोग्रॅमर असेल तर त्याचा हिस्सा एकदम न देता चार-पाच वर्षांच्या कामावर टप्प्याटप्प्याने त्याच्या नावे होईल असे लिहून घ्यावे. मैत्रीत हे बोलायला संकोच वाटतो. बोल्टन आणि वॉट मित्रच होते, तरी कोण किती पैसा घालणार आणि नफ्याचा वाटा कसा, हे त्यांनी आधी ठरवले होते. आपल्याकडे आज प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात आपले वकील आहेत. महिन्यातला एक रविवार विहारात बसून त्यांनी असे करार तपासून दिले तर ते काम कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा कमी नाही.

पैशाचे मार्ग थोडे तरी आहेत. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी २०१५ मध्ये केंद्राने व्हेंचर कॅपिटल फंड काढला. २०१६ च्या स्टँड-अप इंडियात दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्जाची तरतूद होती. २०२० मध्ये आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इनक्युबेशन मिशन आले, त्यात निवडलेल्या उपक्रमाला तीन वर्षांत तीस लाखांपर्यंत भागभांडवल देण्याचे जाहीर झाले. योजनेचे नाव मोठे आणि बँकेच्या मॅनेजरचा चेहरा लहान, हा अनुभव जुना आहे. तरी अर्जच केला नाही तर नकाराचा कागदही हातात येत नाही, आणि तो कागद हातात असला की भांडता येते.

गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र अजून १९१७ चाच आहे. आडनाव पाहून फोन उचलणे बंद होते. यावर कायद्याने दिलेला एक मार्ग आपण फारसा वापरलेला नाही. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या खरेदीतला चार टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. अनेक वर्षांच्या सरकारी आकड्यांत हे चार टक्के गाठलेलेच दिसत नाहीत. अधिकारी सांगतात, पुरवठादारच मिळत नाहीत. पुरवठादार म्हणून दिसायचे असेल तर उद्यम नोंदणी लागते, त्यात मालकाच्या जातीची नोंद बरोबर लागते आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर खाते लागते. या कामाला इंजिनिअर लागत नाही. एक बी.कॉम. झालेली मुलगी आणि एक इंटरनेट असलेला फोन पुरतो. आपल्या जिल्ह्यात जेम पोर्टलवर आपले किती उद्योग आहेत हे मोजायला कार्यकर्त्यांनी सुरुवात करावी. माहितीच्या अधिकारात प्रत्येक सार्वजनिक कंपनीला चार टक्क्यांचा हिशेब विचारावा. जिथे पुरवठादार नाही असे उत्तर येईल, तिथे कोणती वस्तू किंवा सेवा हवी होती तेही लिहून मागावे.